इंदूर ते औंढा : एका कवडशाची वाटचाल

नांदेडच्या आमच्या पिढीला इंदूर माहीत झाले ते मीनाक्षी एक्सप्रेसमुळे. मीटरगेजची ही गाडी हैदराबादकडून यायची. नांदेड, पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा अशी मजल मारत ती कालाकुंडचा घाट चढायची, महूला दम घ्यायची आणि इंदुरात शिरायची. आमच्याकडची माणसे तिने ओंकारेश्वराला जात, अजमेरला उरुसाला जात. होळकरांचे इंदूर त्यामुळे परके कधी वाटलेच नाही. औंढा नागनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, हे तर हिंगोलीकडे घरोघरी सांगतात.

त्याच इंदुरात, होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरात, १९८४ पासून एक संस्था उभी राहत गेली. आज तिचे नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. जुने नाव ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’, म्हणजे कॅट. इंदूरकरांच्या तोंडी अजून कॅटच आहे आणि तिकडे जाणारा रस्ताही कॅट रोडच. या संस्थेत लेझरचा झोत धातूच्या पत्र्यावर एका टिंबाएवढ्या जागी एकवटतात, क्षणार्धात त्या टिंबाचे तापमान लाखो अंशांवर नेतात आणि तिथून उसळणाऱ्या क्ष-किरणांवरून आत काय घडले ते वाचतात. आयुष्यभर नांदेड-लातूरकडच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना मी या कामाकडे दुरून, छापून आलेल्या निबंधांमधून बघत आलो. ही वाटचाल आता लिहावीशी वाटते, कारण ती संस्था आमच्या दाराशी येऊन ठेपली आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

सुरुवात मुंबईत, ट्रॉम्बेला झाली. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर मिळवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेझर तयार झाला. होमी भाभा तेव्हा हयात होते. साठचे दशक संपत असताना दिलीप देविदास भवाळकर हे तरुण शास्त्रज्ञ इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ट्रॉम्बेला रुजू झाले. भवाळकर मूळचे मध्य प्रदेशातल्या सागरचे. ज्या सागरात पेशव्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांनी बस्तान बसवले आणि त्यांच्यामागून मराठी घरे गेली, तेच सागर. आधीचे शिक्षणही सागर विद्यापीठातच. पुढे भारतातल्या लेझर संशोधनाची धुरा याच माणसाच्या खांद्यावर आली.

१९७२ साली अमेरिकेत जॉन नकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध छापला : लेझरने हायड्रोजनची बारीक गोळी चहूकडून दाबली तर सूर्यात होते तसे अणुसंमीलन घडवता येईल. जगभरच्या अणुसंस्थांना त्याने हलवून सोडले. ट्रॉम्बेलाही निओडिमियम मिसळलेल्या काचेच्या कांड्यांचे लेझर उभे राहू लागले आणि एच. सी. पंत यांच्या पुढाकाराने लेझरने पेटवलेल्या प्लाझ्माचा अभ्यास सुरू झाला. लेझर मोठे होत गेले, कणत्वरकांचीही योजना पुढे आली आणि ट्रॉम्बेचा परिसर अपुरा पडू लागला. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांनी मनावर घेतले. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते इंदुरात कोनशिला बसली. जागा मिळाली सुमारे ७६० हेक्टर. १९८६ मध्ये ट्रॉम्बेहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी तिथे राहायला गेली. १९८७ पासून २००३ पर्यंत भवाळकर संचालक होते.

कणत्वरकांची हकिगत मोठी आहे, ती इथे आवरती घेतो. ‘इंडस-१’ हे कड्याच्या आकाराचे सिंक्रोट्रॉन १९९९ मध्ये चालू झाले, ‘इंडस-२’ डिसेंबर २००५ मध्ये देशाला अर्पण झाले. त्याच वेळी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संस्थेला रामण्णांचे नाव दिले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती या मोठ्या कड्यांची. त्यांच्या शेजारी, अंधाऱ्या खोल्यांमध्ये, मेजावर मावणाऱ्या पोलादी निर्वात कोठ्यांपाशी जे चालले होते ते फारसे कुणाला दिसले नाही. मला मात्र कायम तेच खुणावत राहिले.

तिथे काय होते ते नीट सांगतो. कोठीतली हवा काढून घेतलेली असते. आत ॲल्युमिनियमची, तांब्याची किंवा सोन्याची पट्टी उभी केलेली. बाहेरून भिंगातून लेझरचा एक स्पंद आत येतो. त्याचे आयुष्य नॅनोसेकंदाचे, म्हणजे एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाचे. भिंगाने तो केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर आणून टेकवलेला असतो. त्या ठिपक्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी कोटी वॅट एवढी तीव्रता येते. धातूला वितळायला, उकळायला सवडच मिळत नाही. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि पृष्ठभागावरून प्लाझ्माचा फुगारा लेझरच्याच दिशेने बाहेर झेपावतो. लेझर या फुगाऱ्यात एका ठरावीक घनतेपर्यंतच शिरू शकतो. निओडिमियमच्या लेझरसाठी ती मर्यादा दर घन सेंटिमीटरला सुमारे १००० अब्ज अब्ज इलेक्ट्रॉनांची. तिथून पुढे प्रकाश परतून येतो. जी ऊर्जा शोषली गेली तिच्यावर प्लाझ्मा तापतो, तीस लाख अंशांपासून थेट एक कोटीपर्यंत. सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांच्या घरात आहे.

एवढ्या तापलेल्या वस्तूचा उजेड डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत मावत नाही. चुलीतला निखारा तांबडा, वेल्डिंगची ठिणगी निळसर पांढरी. तापमान चढेल तशी तरंगलांबी आखडते. लाखो अंशांवर ती क्ष-किरणांत जाऊन बसते. मोकळे इलेक्ट्रॉन आयनांजवळून वळताना एक अखंड पट्टा देतात, आयनांनी पकडलेले इलेक्ट्रॉन दुसरा पट्टा देतात आणि आयनांच्या आतल्या पायऱ्यांवरून उतरणारे इलेक्ट्रॉन देतात त्या ठळक, वेगवेगळ्या रेघा. या रेघा म्हणजे प्लाझ्माचे हस्ताक्षर. कोणत्या तापमानाला कोणत्या अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटलेले असतील याचे पहिले गणित १९२० मध्ये मेघनाद साहांनी मांडले. ते ताऱ्यांसाठी मांडले होते. दाट प्लाझ्माला ते लेझरच्या कोठीतही लागू पडते. विरळ झाला की मात्र गणित बदलावे लागते, कारण तिथे टकरी कमी पडतात.

खरी कसोटी मोजणीची. एवढा प्रखर झोत उभा केला म्हणजे काम झाले असे वाटते, पण प्लाझ्मा जन्मतो आणि विझतो तो नॅनोसेकंदांत, आणि असतो टाचणीच्या टोकापेक्षा लहान. त्याला तापमापी लावता येत नाही. कोणतेही उपकरण आत घातले तर ते वितळेल, आणि त्याआधी प्लाझ्माच बिघडवेल. म्हणून बाहेर आलेल्या किरणांवरच सगळी भिस्त. इंदूरच्या प्रयोगशाळेचा मला आदर वाटतो तो इथे. त्यांनी वाचण्याची साधने स्वतः घडवली.

सगळ्यांत साधे साधन म्हणजे कवडसा. पत्र्याच्या घरात जन्म गेलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. छपराला खिळ्याचे भोक असते, त्यातून जमिनीवर गोल उजेड पडतो, आणि भोक चौकोनी असले तरी कवडसा गोलच, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणाच्या दिवशी तोच कवडसा कोरीसारखा होतो. क्ष-किरणांना साध्या भिंगाने वळवता येत नाही, ते काचेत अडकून जातात. मग धातूच्या पातळ पत्र्याला दहा-वीस मायक्रॉनचे भोक पाडायचे, त्यावर दिसणारा उजेड अडवणारा ॲल्युमिनियमचा किंवा बेरिलियमचा पापुद्रा चढवायचा आणि मागे फिल्म ठेवायची. फिल्मवर प्लाझ्माचा कवडसा पडतो. ठिपका केवढा होता, एकसारखा तापला की कुठे जास्त, हे त्यावरून दिसते. हा छिद्र-कॅमेरा आजही जगातल्या प्रत्येक लेझर-प्लाझ्मा प्रयोगशाळेत आहे, मोठ्यांतल्या मोठ्यासुद्धा.

दुसरे साधन पापुद्र्यांच्या जोडीचे. एकाच प्लाझ्माकडे दोन शोधकांनी बघायचे, एकावर पातळ पापुद्रा, दुसऱ्यावर जाड. मऊ क्ष-किरण जाड पापुद्र्यात अडकतात, कठीण पार होतात. प्लाझ्मा जेवढा तापलेला तेवढे कठीण किरण जास्त, म्हणून दोन्ही संकेतांचे गुणोत्तर पाहिले की तापमानाचा अंदाज येतो. स्वस्त आणि झटपट पद्धत. पण रेघांचा हिशेब तिच्यात बसत नाही, आणि लक्ष्याच्या रेघा पापुद्र्याच्या कक्षेत आल्या तर तापमान चुकीचे निघते. तिच्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी फसवे आकडेही छापले आहेत.

तिसरे स्फटिकाचे. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१२-१३ मध्ये दाखवून दिले की स्फटिकातल्या अणूंचे थर क्ष-किरणांना तरंगलांबीप्रमाणे वेगवेगळ्या कोनांत परतवतात. टॅप नावाने ओळखला जाणारा थॅलियमचा एक स्फटिक आहे. त्याच्या थरांमधल्या अंतराची दुप्पट २५.७५ अँगस्ट्रॉम भरते, आणि ॲल्युमिनियमच्या रेघांना हे माप बरोबर बसते. ॲल्युमिनियमच्या अणूत तेरा इलेक्ट्रॉन. अकरा सुटले की उरलेल्या दोघांसह तो आयन हेलियमसारखा वागतो आणि ७.७५७ अँगस्ट्रॉमची रेघ देतो. बारा सुटले की एकट्या इलेक्ट्रॉनाचा आयन हायड्रोजनसारखा होतो, त्याची रेघ ७.१७१ अँगस्ट्रॉमला. प्लाझ्मा तापत गेला की दुसरी रेघ पहिलीच्या तुलनेत उजळत जाते. दोन रेघांच्या उजेडाचे प्रमाण काढले की तापमान हाती येते. पहिल्या रेघेच्या शेजारीच, ७.८०७ ला, एक फिकी रेघ बसलेली असते. ती रेघ देणारा इलेक्ट्रॉन पायरीवर रेंगाळतो; गर्दी जास्त असली की उतरण्याआधीच टकरीने हलवला जातो. म्हणून ती किती फिकी झाली यावरून घनता कळते. लाखो अंशांचा लखलखाट, आणि त्याची खबर देते ती एक मंद रेघ.

चौथे साधन माझ्या सगळ्यांत आवडीचे, स्ट्रीक कॅमेरा. प्लाझ्मा कसा तापला आणि कसा निवला, हे काळाच्या ओघात पाहायचे तर साधा कॅमेरा थिटा पडतो. आमच्याकडे तिफणीवर पेरणी करताना बाई चाड्यावर मूठ धरते. तिच्या मुठीतून दाणे एकाच जागी, नळीत पडत असतात. तिफण पुढे सरकत असते, म्हणून कोणता दाणा आधी सुटला आणि कोणता नंतर, ते तासात अंतर होऊन उमटते. मूठ कुठे सैल झाली, कुठे आवळली, हे उगवल्यावर अख्ख्या गावाला दिसते. स्ट्रीक कॅमेरा हेच करतो. क्ष-किरण एका पातळ थरावर पडून इलेक्ट्रॉन सोडतात. हे इलेक्ट्रॉन दोन पट्ट्यांमधून जाताना पट्ट्यांवरचा विद्युतदाब अत्यंत वेगाने चढवत नेतात, त्यामुळे आधी आलेले इलेक्ट्रॉन पडद्याच्या एका टोकाला पडतात आणि नंतरचे दुसऱ्या. काळ अंतरात उलगडतो, तोही पिकोसेकंदांच्या मापात, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागात. व्ही. एन. राय, एम. शुक्ल, पंत आणि भवाळकर यांनी इंदुरात असे दृश्य प्रकाशाचे आणि क्ष-किरणांचे कॅमेरे घडवल्याचे सविस्तर वर्णन १९९९ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘साधना’ या नियतकालिकात आले. साने गुरुजींच्या साप्ताहिकाचे आणि या अभियांत्रिकी नियतकालिकाचे नाव एकच, हे मला तेव्हा फार भावले होते. आदल्याच वर्षी पोखरणचे स्फोट झाले होते आणि अणुऊर्जा खात्याच्या संस्थांना परदेशातून सामग्री मिळणे अवघड झाले होते. अशा दिवसांत आपला कॅमेरा आपण जोडणे याचे मोल वेगळेच.

हा स्वावलंबनाचा धागा पुढेही दिसतो. लेझरची फॉस्फेट काच कोलकात्याच्या मध्यवर्ती काच व सिरॅमिक संशोधन संस्थेच्या साथीने तयार करण्याचे प्रयत्न झाले. लेझरचा अवरक्त रंग हिरव्यात बदलणारे केडीपीचे स्फटिक इंदुरात द्रावणातून वाढवले गेले. हे स्फटिक दिवसाला काही मिलिमीटरच्या चालीने वाढतात आणि पाण्याचे तापमान किंचित इकडेतिकडे झाले तर डागाळतात. हिशेबाच्या वहीत मोठा खर्च झालेला दिसत नाही, पण ज्याने ते द्रावणाचे भांडे सांभाळले त्याच्या आयुष्यातले महिने त्यात गेलेले असतात.

सोने आणि तांबे मिसळलेल्या लक्ष्यांवरचे कामही सांगितले पाहिजे. सोन्याचा प्लाझ्मा मऊ क्ष-किरण भरपूर देतो, पण त्याच्या वर्णपटात काही तरंगलांब्यांना खिंडी असतात, तिथे तो कमी शोषतो आणि कमी देतो. नेमक्या त्या खिंडी तांबे भरून काढू शकते. दोन धातू ठरावीक प्रमाणात एकत्र केले की एकट्या सोन्यापेक्षा जास्त लेझर-ऊर्जा क्ष-किरणांत बदलते. इंदुरात आणि ट्रॉम्बेला, दोन्हीकडे हे प्रयोग झाले. दागिन्यात तांब्याचा मिलाफ आपण मजबुतीसाठी करतो. इथे तो उजेडासाठी.

नंतर स्पंदच बदलले. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी युक्ती काढली : लहान स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग वर्धन करायचे आणि शेवटी पुन्हा आखडायचा, म्हणजे वाटेतली काच फुटत नाही. त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले. या पद्धतीचा टायटॅनियम-नीलमण्याचा १० टेरावॅटचा, ४५ फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लेझर इंदुरात बसला. १० टेरावॅट म्हणजे देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्र क्षमतेच्या वीसेकपट. मात्र स्पंद इतका क्षणिक की त्यातली ऊर्जा अर्ध्या ज्यूललाही पोचत नाही. पन्नास ग्रॅमचे लिंबू जमिनीवरून कमरेच्या उंचीइतके उचलायला तेवढीच लागते. पुढे १५० टेरावॅटचा लेझर आला, त्याहीपुढे एक पेटावॅटचा. अशा स्पंदाने वायूच्या फवाऱ्यात मिलिमीटरभर अंतरात इलेक्ट्रॉन कोट्यवधी इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा कमावतात. टायटॅनियमच्या पट्टीवर तो आपटला तर तिच्या आतल्या कवचातून ४.५१ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे अतिक्षणिक क्ष-किरण सुटतात, आणि त्यांच्या झगमगाटात दुसऱ्या स्फटिकाचे थर धक्क्याने कसे हलतात ते टिपता येते. आधी प्लाझ्मा समजून घ्यायला क्ष-किरण वाचत होते. आता प्लाझ्मा हाच क्ष-किरणांचा दिवा झाला. याच दालनातून वर आलेले पी. डी. गुप्ता आणि नंतर पी. ए. नाईक संस्थेचे संचालक झाले. मोजणी करत मोठी झालेली माणसे संस्थेच्या शीर्षस्थानी जाणे मला महत्त्वाचे वाटते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या चमूने स्वतंत्र वाट काढली. धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर नॅनोकणांचा थर दिला तर कठीण क्ष-किरण कितीतरी पटींनी वाढतात, हे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. पुढे एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी तर काचेवर ई. कोलाय जिवाणूंचा थर दिला. साध्या काचेच्या तुलनेत क्ष-किरण शंभरपटीहून जास्त झाले, जिवाणू जिवंत असोत की मेलेले. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश जास्त शोषतो हे तत्त्व खरे, पण त्यासाठी जिवाणू सुचणे याला कल्पकताच लागते. कृष्णमूर्ती नंतर टाटा संस्थेच्या हैदराबाद केंद्रात गेले. म्हणजे मीनाक्षी एक्सप्रेसच्या जुन्या वाटेवर एका बाजूला हैदराबाद, दुसऱ्या बाजूला इंदूर, दोन्हीकडे लेझरने प्लाझ्मा पेटतो. मधे आम्ही.

या विद्येचे पुढे काय होते, असे पालक विचारतात. त्यांना मी त्यांच्या हातातला मोबाइल दाखवतो. आजच्या सर्वांत बारीक चिपांची नक्षी उमटवण्यासाठी १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. तो नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रांत कथिलाच्या थेंबांवर लेझर मारून, त्यांचा प्लाझ्मा करून मिळवतात. सेकंदाला पन्नास हजार थेंब. इंदूरच्या कोठीत एका ठिपक्याला जे होते तेच इथे सेकंदाला पन्नास हजार वेळा. आणि नकोल्स यांनी १९७२ मध्ये पाहिलेले स्वप्न ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात खरे ठरले. १९२ लेझर-झोत सोन्याने मढवलेल्या नळकांडीच्या आतल्या भिंतींवर पडले, भिंतींनी क्ष-किरण सोडले, त्या क्ष-किरणांनी गोळी दाबली. लेझरची ऊर्जा २.०५ मेगाज्यूल आत गेली, संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. पन्नास वर्षे त्या लोकांनी काय केले? मुख्यतः मोजले. गोळी एका बाजूने जास्त दबते आहे, हे त्यांना सांगितले ते क्ष-किरणांच्या प्रतिमांनीच.

आता औंढ्याकडे येतो. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपल्या. ही बातमी फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाली आणि आठवड्याभरातच, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, खर्चाचा अंदाज २६०० कोटी रुपये. जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. काम चार संस्थांचे : पुण्याचे आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, अणुऊर्जा खात्याचे बांधकाम संचालनालय आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत अतिनिर्वात नळ्या, टोकांना टांगलेले चाळीस किलोंचे आरसे, आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझर.

हा लेझर १.०६४ मायक्रॉनचा, निओडिमियमचाच. ज्या मूलद्रव्याच्या काचेने ट्रॉम्बे-इंदूरच्या प्लाझ्माची सुरुवात झाली, तेच मूलद्रव्य इथे स्फटिकात बसलेले. स्वभाव मात्र अगदी उलटा. प्लाझ्मावाल्यांना सगळी ऊर्जा एका क्षणात, एका टिंबावर हवी. लायगोला संथ, अखंड, न थरथरणारा झोत हवा. लातूरकरांना इथे किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणी विसरलेले नाही, आणि हिंगोलीतही अधूनमधून धक्के बसतात. इतक्या नाजूक यंत्राला जमीन हलली तर कसे, असे लातूरचे विद्यार्थी विचारतात. उत्तर आरशांच्या टांगणीत आहे. एकाखाली एक चार लोलक, आणि त्यांच्यावर जमिनीची थरथर मोजून ती आधीच मारणारी यंत्रणा. तिथेही पुन्हा मोजणीच.

औंढा, हिंगोली, नांदेड, लातूर, परभणी हा सगळा टापू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी सुरू झाले. लातूर पॅटर्नने आमच्या मुलांना गुण मिळवायला शिकवले, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेतमजुराची पोरे त्या बळावर डॉक्टर झाली. पण प्रयोगशाळेच्या अंधारात तासन्तास एका रेघेकडे बघत बसण्याची गोडी त्या घोकंपट्टीत मागे पडली, हे मी शिक्षक म्हणून जबाबदारीने लिहितो. राजा रामण्णा केंद्रात एम.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळ्यात संशोधनाचा कार्यक्रम चालत आला आहे. आमच्या टापूतून त्याला अर्ज जावेत म्हणून मी वर्गात त्याची माहिती सांगत असे.

अशाच एका दुपारी प्रॅक्टिकल चालले होते. बी.एस्सी.च्या खोलीत काळे पडदे ओढलेले, सोडियमचा दिवा पिवळा पेटलेला. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून एक मुलगी स्क्रू फिरवत होती. लोहा तालुक्यातली, रोज एसटीने येणारी. “सर, एकच रेघ दिसायली,” म्हणाली. मी म्हटले, “फट थोडी बारीक कर.” तिने केली. मग बराच वेळ काही बोलली नाही. ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन रेघा वेगळ्या झालेल्या पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा मला ओळखू येतो.

दिवा बंद झाल्यावर मी फळ्यावर टॅप स्फटिकाचे माप लिहिले, ॲल्युमिनियमच्या दोन रेघा लिहिल्या आणि म्हटले, कोन काढा. तिने पहिल्या बाकावर बसून कॅल्क्युलेटरवर काढले : १७.५ अंश आणि १६.२ अंश. फरक दीड अंशाहून कमी. त्या दीड अंशाच्या आत एक कोटी अंशांचे तापमान कसे लपलेले असते, ते मी सांगितले.

तिने वहीत दोन उभ्या रेघा ओढल्या आणि विचारले, “सर, पण यातली जास्त उजळ कोणती, हे इथं बसून कसं कळंल?”

“इथे बसून नाही कळणार. इंदूरला जावं लागेल.”

तिने वही मिटली नाही. “नांदेडहून गाडी आहे का, सर?”

थेट गाडीचे दिवस सरले होते. अकोल्यापर्यंत कोणती, पुढे कुठे बदलायची, ते मी तिला त्याच पानावर, रेघांच्या खाली, लिहून दिले.